यादीबाहेरचे युद्धकैदी

(सातिवली, वसई पूर्व येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

पाच डिसेंबर १९७१. भारतीय हवाई दलाच्या ३२व्या स्क्वाड्रनची सुखोई-७ विमाने पाकिस्तानातल्या शोरकोट रोड या तळावर चालून गेली. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान परत आले नाही. युद्धाला तोंड लागून दोन दिवस झाले होते, त्यांच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष. पत्नी दमयंती, माहेरच्या सुभेदार, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर आहे.

रेडिओ पाकिस्तानने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे सांगितली, त्यांत तांबे हे नाव होते. ढाक्याहून निघणाऱ्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’च्या त्या महिन्यातल्या एका रविवारच्या अंकात पाच भारतीय वैमानिक जिवंत हाती लागल्याची बातमी छापून आली. तिथे आडनाव जरा वेडेवाकडे, ‘टॉम्बे’ असे पडले होते. घरच्यांना त्या चुकीचे काय! माणूस जिवंत आहे, कैदेत आहे, म्हणजे लढाई संपली की सुटून येईल, इतका सरळ हिशेब होता. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी मायदेशी आले. त्यांत तांबे नव्हते. आज अर्धशतक उलटून गेले, तरी ते कुठे आहेत, किंवा कुठे आणि कधी गेले, हे कोणत्याही सरकारने पुराव्यानिशी सांगितलेले नाही.

या व्याख्यानाचा विषय तांबे यांच्यापुरता नाही, पण त्यांच्यापासून सुरुवात करायला कारण आहे. युद्धकैदी हरवतो म्हणजे नेमके काय होते, हे त्यांच्या उदाहरणात लख्ख दिसते. त्याला कोणी जादूने गायब करत नाही. त्याचे नाव एका यादीत चढत नाही, एवढेच घडते. पुढचे सगळे त्यातून निघते.

सातिवलीत ही गोष्ट समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात मस्टरवर नाव नसलेला कामगार यंत्रात सापडला, तर मालक सर्वांत आधी काय म्हणतो? हा आमच्याकडे कामाला नव्हताच. मग त्या कामगाराच्या बायकोने सिद्ध करत बसायचे की तो होता. युद्धकैद्याचे मस्टर म्हणजे १९४९चा तिसरा जिनिव्हा करार. कैदी छावणीत पोचला की जास्तीत जास्त आठवड्याभरात त्याला एक कार्ड भरू द्यायचे, ते घरी आणि जिनिव्हाच्या केंद्रीय शोध कचेरीत पोचवायचे, असे या कराराचे ७०वे कलम सांगते. प्रत्येक देशाने माहिती कचेरी उघडायची आणि पकडलेल्यांची नावे कळवायची. रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना छावण्यांत जाऊ द्यायचे. आणि ११८वे कलम म्हणते की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचे. करार उत्तम आहे. मात्र तो सारा त्या पहिल्या कार्डावर उभा आहे. ते भरलेच गेले नाही, तर कैदी पकडणाऱ्या देशाला ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ हे चार शब्द बोलून मोकळे होता येते.

कार्ड भरले गेले तर काय होते, याचेही मराठी उदाहरण आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हेही सुखोई-७चेच वैमानिक. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पडले, ते हवाई छत्रीने उतरले आणि पकडले गेले. पुढे त्यांची रवानगी रावळपिंडीच्या छावणीत झाली. तिथल्या वैमानिकांची नावे नोंदलेली होती, रेडक्रॉसची माणसे येऊन त्यांना भेटत होती, घरची पत्रे येत होती. परुळकरांना तेवढ्याने समाधान नव्हते. आपण पकडले गेलो तर पळून येणार, हे त्यांनी युद्धाआधीच बोलून दाखवले होते आणि ते बोलल्याप्रमाणे वागले. त्यांनी, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीची भिंत पोखरली. १२ ऑगस्ट १९७२च्या मध्यरात्रीनंतर तिघे बाहेर पडले, बसने पेशावरला आणि तिथून जमरूद, लंडीकोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची हद्द चार मैलांवर राहिली होती.

घात केला तो नकाशाने. त्यांच्याजवळच्या जुन्या नकाशात लंडीखाना हे रेल्वेचे शेवटचे स्टेशन दाखवलेले होते, म्हणून ते लंडीखान्याला कसे जायचे, हे विचारत फिरले. ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडले होते! चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे तीन अनोळखी तरुण पाहून तहसील कचेरीतल्या एका लेखनिकाला संशय आला. त्या काळात पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने पळत असत, तेव्हा हेही बंगालीच असणार असे त्याला वाटले. तिघांना कचेरीत नेले गेले आणि मामला हाताबाहेर जाऊ लागला. कबायली मुलखात परक्या हेराचे काय होते, हे तिघांनाही ठाऊक होते. परुळकरांनी डोके शांत ठेवून एका फोनची परवानगी मागितली आणि उस्मान हमीद यांचे नाव सांगितले. हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते आणि आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी. हमीदांनी तिघांना नावानिशी ओळखले. जीव वाचला. तिघे पुन्हा कैदेत गेले आणि डिसेंबरात इतरांबरोबर वाघ्यावरून चालत आले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांचे निधन झाले.

या सुटकेवर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला आणि दोन्हींत साहसाची बाजू रंगली, ते योग्यच आहे. पण लंडीकोतलच्या त्या कचेरीत त्यांना तारले ते साहसाने नव्हे. समोरच्या देशातल्या एका जबाबदार अधिकाऱ्याला त्यांची नावे माहीत होती आणि ते जिवंत असल्याची नोंद जिनिव्हापर्यंत गेलेली होती. नोंदलेल्या कैद्याला नाहीसे करणे अवघड असते. तांबे आणि परुळकर, दोघेही मराठी, एकाच जातीच्या विमानाचे वैमानिक, पाच दिवसांच्या अंतराने पडलेले. दोघांच्या नशिबातला फरक समजून घ्यायचा तर इथे पाहावे.

मराठी माणसाला हे दुःख नवे नाही. १४ जानेवारी १७६१च्या संध्याकाळी पानिपतावर विश्वासरावांचे शव सापडले, त्याची ओळख पटली. सदाशिवराव भाऊंचे काय झाले, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही. काशीराजाच्या वृत्तांतात शीर नसलेल्या एका कलेवराची, अंगावरच्या खुणांवरून पटवलेल्या ओळखीची आणि दहनाची हकीकत आहे. पुण्याला त्याने खात्री पटली नाही. जनकोजी शिंदे जखमी होऊन कैद झाले आणि आपले बिंग फुटू नये म्हणून लपवणाऱ्यांनीच त्यांना गुपचूप मारले. कैद्याला लपवून ठेवणे आणि लपवणे जड झाले की संपवणे, हा प्रकार इतका जुना आहे. इब्राहिमखान गारदीही कैदेतच मारले गेले. बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली, त्यांची तर मोजदादही नाही. या कैद्यांचे वंशज म्हणवल्या जाणाऱ्या बलुचिस्तानातल्या बुगटी मराठ्यांची कथा आपण मोठ्या हौसेने सांगतो. ती परंपरा म्हणून ऐकावी, इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून वाचून पुण्याला आल्या. नवरा गेला हे त्यांनी मानले नाही, वैधव्य स्वीकारले नाही. बावीस वर्षे त्या शनिवारवाड्यात सवाष्ण म्हणून वावरल्या. १७८३मध्ये त्या वारल्या, तेव्हा कुठे भाऊंचेही क्रियाकर्म झाले. मधल्या काळात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून किल्ल्यात ठेवले. १७७६मध्ये रत्नागिरीच्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्यालाच खरा भाऊ मानून बाहेर काढले आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांना आणि भिवराव पानशांना त्याच्यावर फौज घेऊन जावे लागले. तो समुद्रमार्गे निसटत असताना रघुजी आंग्र्यांनी धरला आणि त्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. तोतयाला भोळे लोक भुलले, असे आपण म्हणतो. पण एक संबंध मुलूख पंधरा वर्षांनी अशा माणसामागे का जातो? कारण खरे काय झाले, ते सांगणारा भरवशाचा कागद कोणाकडे नव्हता. जिथे सरकारकडे उत्तर नसते, तिथे अफवा सुभेदारी करते.

पानिपताच्या बावीस वर्षे आधी आपल्या या वसईत याच मराठ्यांनी किल्ला घेतला, तेव्हाचे चित्र मात्र वेगळे होते. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला लेखी तह करून, कुटुंबकबिला आणि चीजवस्तू घेऊन, मानाने बाहेर पडू दिले. कोण गेले, कोण राहिले, याबद्दल तंटा उरला नाही. लढाईचा शेवट कागदावर नीट झाला की असा होतो.

आता १९१६कडे येऊ. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी जी इंग्रजी फौज वेढली, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन असे होते. तिच्यात १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतली ही माणसे. सुमारे पाच महिने वेढा आणि उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य भारतीय. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि शिपायांना वाळवंटातून पायी हाकले गेले. बरेचसे भारतीय कैदी रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर जुंपले गेले. त्यांतले कितीतरी परतले नाहीत.

त्यांचे स्मारक इराकमध्ये बसऱ्याजवळ आहे. चाळीस हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांसाठी उभारलेले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, भारतीय अधिकाऱ्याचे नाव आहे. साध्या भारतीय शिपायांच्या वाट्याला आला तो फक्त आकडा. अमुक पलटणीचे सुभेदार अमुक, ‘आणि इतर इतके भारतीय सैनिक’. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१च्या अहवालात हा पक्षपात कबूल केला. खेडचा किंवा खटावचा तो शिपाई घरच्यांसाठी रामा किंवा गणू होता. साम्राज्याच्या भिंतीवर तो बेरजेतला एक झाला. पगार, पदक आणि मरण एका बाजूला ठेवले तरी, निदान हरवला कोण, हे लिहून ठेवणे एवढे तरी राज्यकर्त्याने करायला हवे होते.

म्हणजे १९७१ची गोष्ट आपल्या परंपरेत पहिली नाही. पण त्या वेळी राज्य आपले होते, म्हणून ती जास्त बोचते.

एप्रिल १९७९मध्ये परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानल्या जाणाऱ्या चाळीस जणांची यादी ठेवली. पुढे ती वाढून ५४ झाली, म्हणून आजही या प्रकरणाला ‘मिसिंग ५४’ म्हणतात. यादी हवेतून काढलेली नव्हती. मेजर अशोक सुरी यांना आधी ठार झालेले ठरवण्यात आले होते. डिसेंबर १९७४मध्ये त्यांच्या वडिलांच्या हाती मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी पडली. १९७५मध्ये कराचीहून आणखी एक पत्र आले, त्यात आपल्यासारखे वीस अधिकारी इथे आहेत आणि सरकारने आमच्यासाठी पाकिस्तानशी बोलावे, असा मजकूर होता. अक्षर सुरींचेच असल्याची तपासणी झाली आणि संरक्षण खात्याने त्यांची नोंद ‘ठार’वरून ‘बेपत्ता’ अशी बदलली. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजाआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचे छायाचित्र आले. घरच्यांनी ते मेजर ए. के. घोष असल्याचे ओळखले. तेही परतले नाहीत. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या खटल्यावर व्हिक्टोरिया स्कोफिल्ड यांनी लिहिलेल्या पुस्तकात लाहोरच्या कोट लखपत तुरुंगाचा उल्लेख आहे. भुट्टोंच्या कोठडीपलीकडच्या भिंतीआड वेड लागलेले कैदी होते, रात्री त्यांच्या किंकाळ्या येत, आणि त्यांत १९७१च्या युद्धातले भारतीयही होते, असे त्या लिहितात. मोहनलाल भास्कर हे पाकिस्तानात पकडले गेलेले भारतीय हेर. सुटून आल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यातही भारतीय अधिकारी कैदेत असल्याची ऐकीव माहिती येते. तांबे यांच्याबद्दल म्हणाल, तर १९८८मध्ये सुटून आलेल्या एका भारतीय कैद्याने त्यांना १९७८मध्ये लाहोरच्या चौकशी केंद्रात पाहिल्याचे सांगितले.

यातले सगळे सारख्या वजनाचे नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पत्र हा कागद आहे, अक्षर तपासता येते. छायाचित्र हाही एक पुरावाच. सहकैद्याची साक्ष मात्र कैदेतल्या अंधारात, मारहाणीनंतर, वर्षांनुवर्षे मनात ठेवलेली असते. तिच्यात चूक होऊ शकते. पत्रकार चंदर सुता डोगरा यांनी ५४ जणांच्या प्रकरणांचा माग काढून पुस्तक लिहिले. ते वाचले की ध्यानात येते, या यादीतली सगळी प्रकरणे एका मापाची नाहीत. काहींच्या बाबतीत जिवंत पकडल्याचा पुरावा भक्कम आहे, काही विमानाबरोबरच गेले असावेत अशी चिन्हे आहेत. ५४ हा आकडा एकसंध धरून मोर्चा काढणे सोपे, पण त्याने सुरी आणि तांबे यांचेच प्रकरण दुबळे होते. ‘एक जरी चुकीचे नाव निघाले, तरी सगळी यादीच खोटी,’ असे म्हणायला समोरचा टपलेला असतोच.

पाकिस्तानने कायम एकच उत्तर दिले आहे : आमच्याकडे एकही युद्धकैदी नाही. हे उत्तर ऐकून आपण संतापतो. पण अशी उत्तरे प्रामाणिक अज्ञानातूनही येऊ शकतात, याचे एक विलक्षण उदाहरण हंगेरीत घडले. आंद्राश तोमा हा हंगेरियन शिपाई दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी रशियनांच्या हाती लागला. जानेवारी १९४७मध्ये त्याला युद्धकैद्यांच्या छावणीतून कोतेल्निच गावच्या मनोरुग्णालयात हलवले. रुग्णालयात गेला म्हणून युद्धकैद्यांच्या यादीतून त्याचे नाव गळले. त्याला रशियन येत नव्हते. तिथल्या कोणाला हंगेरियन येत नव्हते. तो काय बोलतो ते वेड्याची बडबड म्हणून सोडून दिले गेले. त्रेपन्न वर्षे! एका स्लोव्हाक भाषातज्ज्ञाने ऐकले आणि सांगितले, हा माणूस हंगेरियन बोलतो आहे. ऑगस्ट २००० मध्ये तोमा घरी परतला. डीएनए तपासणीने त्याच्या भावंडांचा शोध लागला. रशियन सरकारला विचारले असते, तर तेही म्हणाले असते, आमच्याकडे एकही हंगेरियन युद्धकैदी नाही, आणि त्यांच्या वह्यांप्रमाणे ते खरेच ठरले असते.

कोट लखपतच्या भिंतीआडच्या किंकाळ्या आठवा आणि तोमाची हकीकत शेजारी ठेवा. मग तुरुंगाच्या वह्या तपासून काय मिळणार होते, हे कळते. सप्टेंबर १९८३मध्ये जनरल झिया यांच्या राजवटीत सहा नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेले गेले. जून २००७मध्ये चौदा नातेवाईक पंधरवडाभर पाकिस्तानात होते, दहा तुरुंग त्यांनी पाहिले. दमयंती तांबे त्यांत होत्या. नोंदी उर्दूत, लष्कराच्या ताब्यातल्या जागा बंद, आणि ज्यांना शोधायचे ते मुळात साध्या तुरुंगात खऱ्या नावाने असतील याची शाश्वती नाही. हाती काही लागले नाही. पाकिस्तानने त्याचा अर्थ ‘आम्ही सांगत होतोच’ असा काढला.

पण खरा प्रश्न इस्लामाबादला विचारायचा नाही. तो दिल्लीला विचारायचा आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा भारताच्या हाती सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. कैद्यांच्या वाटाघाटीत इतके मोठे माप हाती आलेले देश जगाच्या इतिहासात थोडे. २ जुलै १९७२च्या सिमला करारात युद्धकैद्यांच्या परतीचा विषय पुढच्या बोलण्यांवर ढकलला गेला. ऑगस्ट १९७३चा दिल्ली करार झाला, एप्रिल १९७४चा त्रिपक्षीय करार झाला आणि त्याच महिनाअखेर ढाक्यात शरणागती पत्करणाऱ्या जनरल नियाझींसह शेवटचे पाकिस्तानी कैदी गेले. या अडीच वर्षांत काश्मीर, बांगलादेशाची मान्यता आणि १९५ पाकिस्तानी कैद्यांवरचे युद्धगुन्ह्यांचे खटले यांचा खल झाला. आपल्या बेपत्तांचा नावानिशी हिशेब मागितल्याशिवाय शेवटची गाडी सोडायची नाही, असे मात्र कोणी म्हटले नाही. सुरींचे पहिले पत्र आले तेव्हा नियाझींना जाऊन आठ महिने झाले होते.

त्याला मोठेपणा म्हणणारे लोक आहेत. कैद्यांना ओलीस धरू नये, हे तत्त्व बरोबरच आहे, करारही तेच सांगतो. पण हिशेब मागणे म्हणजे ओलीस धरणे नव्हे. ९३ हजार माणसांची शिस्तीत यादी करणाऱ्या सैन्याने पन्नास-साठ नावांची यादी त्याच टेबलावर ठेवायला काय हरकत होती? हे दुर्लक्ष होते, आणि त्याला दुर्लक्षच म्हटले पाहिजे.

पुढचा रस्ता न्यायालयाचा. डिसेंबर २०११मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला दोन महिन्यांत आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितले आणि कुटुंबांना सेवेचे लाभ द्यायला सांगितले. मे २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सरकारची अडचण खरी होती : राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेणार नाही, असे भारतानेच आपल्या घोषणापत्रात लिहून ठेवले आहे, आणि जिनिव्हा करारातून त्या न्यायालयाचे दार थेट उघडत नाही. पाकिस्तानने कैद केलेले मुंबईचे कुलभूषण जाधव यांच्यासाठी २०१७मध्ये भारत हेगला जाऊ शकला आणि जुलै २०१९मध्ये निकाल मिळवू शकला, तो व्हिएन्ना कराराच्या जोडकराराच्या आधारे. युद्धकैद्यांसाठी तशी सोय नाही. म्हणजे मार्ग राजकीयच उरतो.

सीमेपलीकडेही अशी घरे आहेत, हे विसरू नये. मकबूल हुसेन हा शिपाई १९६५च्या युद्धात पकडला गेला आणि चाळीस वर्षांनी, २००५मध्ये भारतातून सुटलेल्या साध्या कैद्यांबरोबर परतला, असे पाकिस्तानी लष्कर सांगते. आपण त्या दाव्यावर शंका घेऊ शकतो. पण दोन्ही बाजूंनी वह्या एकदाच उघडायच्या म्हटल्या, तर आपल्यालाही आपल्या उघडाव्या लागतील, आणि त्यात गैर काही नाही.

अलीकडची उदाहरणे पाहिली तर यादीचे, म्हणजे उघड ओळखीचे, महत्त्व आणखी पटते. फेब्रुवारी २०१९मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचा कैदेतला चेहरा काही तासांत जगाने मोबाइलवर पाहिला. तिसऱ्या दिवशी ते वाघ्यावर होते. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६च्या अखेरीस ताबारेषा ओलांडून गेले. नाव लगेच जाहीर झाले, पाठपुरावा झाला, जानेवारी २०१७मध्ये ते परत आले.

आपल्या पालघर जिल्ह्याला तर हे रोजचे आहे. डहाणू, तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी हद्द चुकली की पाकिस्तानी गस्ती नौका बोटीसकट धरून नेते आणि मग कराचीचा मलीर तुरुंग. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५च्या यादीत पाकिस्तानने आपल्याकडे ४९ भारतीय नागरिक आणि २१७ मच्छीमार असल्याचे कळवले. शिक्षा भोगून झाल्यावरही सुटका रखडते. मार्च २०२४मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीत कैदेतच मृत्यू झाला आणि मृतदेह घरी यायला महिन्यावर काळ गेला. तरीही त्या घराला माणूस कुठे होता, कधी गेला, हे कळले. त्याचे नाव यादीत होते.

या याद्यांची देवाणघेवाण होते त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालय जे पत्रक काढते, त्यात मच्छीमारांच्या आणि त्यांच्या बोटींच्या सुटकेच्या मागणीनंतर अर्ध्या ओळीत ‘बेपत्ता भारतीय संरक्षण कर्मचारी’ एवढा उल्लेख दर वेळी येतो. संसदेत सरकारने हा आकडा ८३ सांगितला आहे, त्यांत हे ५४ आले. अर्धी ओळ वर्षातून दोनदा छापली जाते आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी बासनात जाते.

या घडीला मागायचे काय? तुरुंगांच्या आणखी एका दौऱ्याने काही साधणार नाही. तेव्हाचे पंचविशीतले वैमानिक आज असतील तर ऐंशीच्या घरात असतील. मागायचे ते आपल्याच सरकारकडचे कागद. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाचे दस्तऐवज साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले. १९७१ला त्याच्या दुप्पट वर्षे उलटली. प्रत्येक बेपत्ता सैनिकामागे स्क्वाड्रनच्या आणि पलटणींच्या नोंदी, सोबतच्या वैमानिकांचे जबाब, रेडक्रॉसशी आणि पाकिस्तानशी झालेला पत्रव्यवहार, सुरींच्या पत्राचा अक्षरतपासणी अहवाल असे सगळे एकेका नावाने प्रसिद्ध व्हावे. ज्यांच्या मृत्यूचा पुरावा आहे, त्यांच्या घरी तो पुरावा द्यावा. ज्यांच्या पकडले जाण्याचा आहे, त्यांची वेगळी, छोटी, पक्की यादी करून ती १ जानेवारीच्या यादीसोबत दर वेळी नावानिशी द्यावी. यासाठी पाकिस्तानची परवानगी लागत नाही. पालघरच्या खासदारांना यावर लोकसभेत प्रश्न विचारता येतो. तो विचारायला लावणारे पत्र इथे बसलेल्या प्रत्येकाने लिहावे.